माळकरी कोंबडा

आमच्या घरात कोंबडी हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात उच्चारला जाई. माझी माय माळकरी होती. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, चुलीपाशी कांदासुद्धा एकादशी बघून यायचा. दादा, म्हणजे माझे वडील, पाटील होते. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती आणि ती घालण्याची त्यांना घाईही नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी ते ‘मळ्यात मुक्काम हाय’ म्हणून जात आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर इतक्या वेळा चुळा भरून घरी येत की मायला न सांगता सगळं कळे. ती काही विचारत नसे. फक्त त्या दिवशी त्यांचं ताट तिच्या ताटापासून हातभर लांब मांडे. दादाही निमूटपणे लांब बसून येसराची आमटी भुरकत. अशा घरात मी, दहा-अकरा वर्षांची पोर, एका दुपारी परकराच्या ओच्यात तीन जिवंत कोंबड्या घेऊन शिरले.

त्या दिल्या होत्या खालाबीनं. खालाबी आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर म्हणजे एक खोली, एक लिंबाचं झाड, दोन कोंबड्या आणि एक भांडकुदळ कोंबडा. रोज तिला लोटाभर ताक नेऊन द्यायचं काम माझं होतं. तिचा भाऊ हैदराबादेत कुण्या बड्या हवेलीत स्वयंपाकी होता. त्यानं येताना तिच्यासाठी तिथली शौकाची पाखरं आणली होती, एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. पण केवढ्या! आमच्या गावरान कोंबडीच्या निम्म्यासुद्धा नाहीत. कोंबडा लालभडक, शेपटी काळी-हिरवी, पायांत पिसांचे झुबके, आणि उंची वीतभर असली तरी चाल अशी की गावाचा सारा त्यानंच वसूल करायचा आहे. खालाबीच्या मोठ्या कोंबड्यानं त्याला दोन दिवसांत रक्तबंबाळ केला होता. ‘‘बेटा, ह्ये बडे घरके पाव्हणे,’’ खालाबी म्हणाली. ‘‘माझ्याकडं ऱ्हायले तर मरत्यात. तू ने. पर आदी घर बांद त्यांचं. बिनघराचं जनावर आपलं नसतंय, घारीचं आसतंय.’’

माय दारातच उभी होती. तिनं ओच्याकडे पाहिलं, ओचा हलला, आणि आतून कोंबडा आरवला. पुढचा अर्धा तास मी इथं लिहीत नाही. शेवटी दादांनी मध्यस्थी केली आणि मायनं अटी घातल्या. खुराडं गोठ्याच्या पलीकडे, परड्याच्या पार टोकाला. त्याचं तोंड तुळशीकडे नको. घरात पीस दिसता कामा नये. अंडं दिसता कामा नये. आणि तिच्यासमोर त्यांचं नाव काढायचं नाही. ‘‘मंग बोलवायचं काय म्हणून?’’ मी विचारलं. ‘‘ती पाखरं म्हनायचं,’’ माय म्हणाली आणि पदर सावरून आत गेली. त्या दिवसापासून आमच्या घरी सगळे त्यांना ‘ती पाखरं’ म्हणू लागले. मी मात्र त्यांची बारशी केली. कोंबडा जमादार. कोंबड्यांतली काळी-तांबडी ती गुंजी, आणि दुसरी, बारीक ठिपक्यांची, सदा उंडारणारी, ती राई.

खुराडं बांधायला मला गुरू मिळाला भिवामामा. हा मेंढरं राखणारा धनगर. सुगी झाली की आमच्या रानात त्याची मेंढरं बसायला येत, शेताला खत होई आणि मामाला धान्य मिळे. त्याच्याइतकं कुंपणातलं कळणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. गोठ्यात एक जुनी कणगी पडली होती. कणगी म्हणजे ज्वारी साठवायची बांबूची विणलेली उंच टोपली. तळ कुजलेला, म्हणून टाकून दिलेली. मामानं ती आडवी केली, चार दगडांवर गुडघाभर उंच बसवली, आणि मला शेण-माती कालवायला लावलं. एक हात आतून, एक हात बाहेरून. पहिला थर वाळून भेगाळला तेव्हा मला रडू आलं. ‘‘अगं, भेगा पडू दे की,’’ मामा म्हणाला, ‘‘भेगा पडल्याबिगर दुसरा हात धरतच न्हाई.’’ तळाशी भुसकट, त्यावर लिंबाचा पाला, कोपऱ्यात लोळायला चुलीतली राख. बसायला आत बोरीची काठी लावायची होती. मी चांगली मनगटाएवढी शोधून आणली. मामानं ती फेकून दिली आणि अंगठ्याएवढी आणायला सांगितली. ‘‘त्यांचं पाय बघ की. तुला कुनी हत्तीवर निजवलं तर झोप यील का?’’

खुराडं झालं, आता हिंडायला अंगण हवं. बिंदुसरा नदीच्या काठावर आमचं गाव, पाली गावाच्या अलीकडे. वर घारी, बांधाला मुंगसं. मामानं मोठ्या मनानं आपली जुनी वाघूर दिली. रानात मेंढरं कोंडायला धनगर जे जाळं लावतात ती वाघूर. चार मेढी रोवून आम्ही ती ताणली आणि मामा चिलीम पेटवून म्हणाला, ‘‘लांडग्याच्या बापालाबी आत येता यायचं न्हाई.’’ मी तिघांना आत सोडलं. जमादारानं मान उंच करून जाळ्याकडे पाहिलं, एका चौकोनात पाय टाकला आणि अंगाला जाळं न लावता बाहेर आला. मागोमाग गुंजी. मागोमाग राई. जन्मभर मेंढरं कोंडलेल्या माणसाच्या डोक्यात ही गोष्टच आली नव्हती. मामाची चिलीम हातातच विझली. मग आम्ही जाळ्याच्या खालच्या दोन हात उंचीत तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या, दाट विणल्या, आणि उरलेली वाघूर घारीसाठी वरून मांडवासारखी घातली. या कामाला तीन दिवस लागले आणि माझ्या बोटांची सालटं निघाली. आज माझ्या नातवाची पोल्ट्री आहे. पत्र्याच्या शेडा, नळानं पाणी, सगळं कसं झकपक. तो मला अधूनमधून तिथं नेतो आणि ‘‘आजी, कशी आहे?’’ विचारतो. मी छान म्हणते. पण मला एकाही कोंबडीचं नाव ठाऊक नसतं, त्यालाही नसतं, आणि मग आम्ही चहा पिऊन परत येतो.

मायचं मन कधी पालटलं ते मला नेमकं सांगता येत नाही, पण विंचवापासून ते सुरू झालं हे नक्की. आमच्याकडे विंचू फार. आदल्या वर्षी सरपण काढताना मायला चावला होता, दोन दिवस ती तळमळली होती. एकदा मी वाघुरीचं दार उघडं टाकलं आणि जमादार सरळ सरपणाच्या ढिगाशी गेला. माय त्याला हुसकायला काठी घेऊन धावली. तेवढ्यात तिच्या पायापासून वीतभरावर त्यानं काटकीखालून एक काळा विंचू ओढून काढला, दोनदा आपटला आणि नांगीसकट गिळला. माय काठी धरून तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून दार रोज सकाळी उघडं राहू लागलं आणि ते कोण उघडतं हे कुणी विचारत नव्हतं. पुढे एकदा मी गोठ्याच्या आडून पाहिलं, तर माय जात्याखालच्या कण्या पसरत होती आणि म्हणत होती, ‘‘समद्यांनी खावा. जमादार, तू मागं सर. बायामानसाला आदी खाऊ दे.’’ मला पाहताच म्हणाली, ‘‘चिमन्यांना टाकते हाय.’’ परड्यात एकही चिमणी नव्हती.

मग पुढच्या सुगीच्या शेवटी सरकारी साहेबांचा दौरा आला. त्या काळी निजामी अमलात दौरा आला की गावानं मुकाट्यानं सगळं पुरवायचं असे. आमराईत तंबू पडत. दूध, तूप, सरपण, कडबा, निजायच्या बाजा, घोंगड्या, सगळं गावातून जाई. आणि कोंबड्या जात पाळीनं. ज्याच्या घरी कोंबड्या त्याच्या घरून एक, कुणाचीही सूट नाही. ही पाळी लावायचं काम पाटलाचं, म्हणजे दादांचं. दादांचा एवढा एक अभिमान होता की त्यांच्या पाळीबद्दल गावात कधी कुरबुर झाली नाही. आमच्या घरून दूध, तूप आणि बाजा जायच्या. कोंबड्या नव्हत्याच, त्यामुळे तो प्रश्न कधी आला नव्हता. त्या वर्षी चावडीवर कुणीतरी हसत हसत म्हणालं, ‘‘पाटील, आवंदा तुमच्या परड्यातूनबी बांग ऐकू येती बरं का.’’

दादा दुपारी जेवायला बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘‘यमे, उद्या चपराशी येनार हाय. तुझ्यातली येक द्यावी लागंल.’’

मी हातातला घास ताटात ठेवला. ‘‘येक म्हंजी?’’

‘‘तीनातली येक. कोनची ती तू ठरव.’’

‘‘म्या न्हाई ठरवनार!’’ मी ताटावरून उठले. दादा रागावले नाहीत, हेच वाईट होतं. ते म्हणाले, ‘‘आगं, लोकांच्या दारातून म्या कोंबड्या उचलतो. माझ्याच दारातली ठिवली तर उद्या कोनत्या तोंडानं चावडीवर बसू?’’ मी मायकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, मग पुन्हा थापू लागली.

रात्रभर मी मनात तिघांची अदलाबदल करत राहिले. राई उंडारते, तिला देऊ. पण राईच माझ्या खांद्यावर येऊन बसायची. गुंजी तर खुडुक झाली होती, रिकाम्या जागेवर दिवसभर अंग फुगवून बसून असायची. जमादाराचा तर विचारच नको. सकाळी डोळे चोळत परड्यात गेले तर माय आधीच तिथं होती. आंघोळ करून, ओल्या केसांनी, वाघुरीच्या आत बसलेली, आणि तिच्या मांडीवर जमादार. तिनं गळ्यातली माळ काढली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा गळा मोकळा पाहिला आणि मला भीतीच वाटली. माळेचा दोरा तिनं दातांनी तोडला, तीन मणी काढले, उरलेली माळ पुन्हा गाठ मारून गळ्यात घातली. मग काळ्या दोऱ्यात एकेक मणी ओवून तिघांच्या गळ्यात बांधला. ‘‘हाल नको,’’ ती जमादाराला सांगत होती, ‘‘येवढी माळ घालताना मानूस सुदा हालत न्हाई.’’

चपराशी कोंबड्या कोंडायचं डालगं घेऊन आला. बीडकडचा, कपाळाला गंध लावणारा, बारीकशी मिशी असलेला. दादा त्याच्या मागे उभे. मायनं पदर डोक्यावर घेतला आणि जमादाराला त्याच्यासमोर धरला.

‘‘न्या. पर आदी गळा बघा.’’

त्यानं पाहिलं. ‘‘बाई, ह्ये काय?’’

‘‘माळ हाय.’’

‘‘अहो, कोंबड्याला कुठं माळ आसती का?’’

‘‘कावून न्हाई? म्या घातली न्हवं? माळ घातल्यावर तू आदी कोन व्हतास आसं कुनी इचारतं का?’’ माय म्हणाली. ‘‘ह्ये तिघंबी माळकरी हायेत. माळकऱ्याच्या मानंवर सुरी ठिवायची आसंल तर ठिवा. पर पाप तुमचं, माझं न्हाई.’’

चपराश्यानं दादांकडे पाहिलं. दादा आभाळाकडे पाहत होते. तो बराच वेळ मणी बोटानं चाचपत राहिला, मग त्यानं हात मागे घेऊन कपाळाला लावला आणि रिकामं डालगं घेऊन निघून गेला. मी मायला अशी मिठी मारली की आम्ही दोघी राखेत पडलो. जमादार आमच्या डोक्यावरून उडाला आणि मांडवावर चढून आरवला. माय हसत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. दादा म्हणाले, ‘‘आता गावातल्या समद्या कोंबड्या माळकरी झाल्या तर सायबाला काय तुळशीची चटणी वाढू?’’ पण हसू त्यांच्याही मिशीत होतं.

हे सगळं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी मी नेहमीसारखी ताक घेऊन खालाबीकडे गेले. ती उंबऱ्यावर बसली होती. लिंबाखाली मोठा कोंबडा एकटाच फिरत होता. ‘‘कोंबड्या कुठं गेल्या?’’ मी विचारलं. तिच्या पाळीची एक जाणार हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, ‘‘दोन्ही गेल्या, बेटा. चपराशी म्हनला, येक कमी पडली, भरून द्यावी लागती.’’ तिनं ताक घेतलं, लोटा विसळून परत दिला आणि नेहमीसारखा माझ्या गालावरून हात फिरवला. खालाबीला कुणाचा आधार नव्हता. बीडच्या बाजारात अंडी जायची आणि त्यावर तिचं मीठ-तेल चालायचं. कमी पडलेली ती एक कुणाची होती हे तिला ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

घरी येऊन मी रडत रडत मायला सांगितलं. तिचे हात कणकेत होते, ते तसेच राहिले. दादा तसेच उठून आमराईत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तंबूमागं पिसं पडली होती. ते ओसरीवर बसले आणि मायकडे न बघता म्हणाले, ‘‘चूक माझी हाय. म्या तितंच म्हनायला पायजे व्हतं, आमच्या बदल्यात बकरं लावून देतो. म्या आभाळाकडं बघत ऱ्हायलो.’’ मायनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि घराबाहेर पडली. मी मागे धावले.

खालाबीच्या दाराशी माय त्याआधी कधीही गेली नव्हती. ताक पाठवायची, सणाला पोळी पाठवायची, पण जायची नाही. त्या दिवशी ती सरळ उंबऱ्याशी जाऊन बसली. ‘‘खालाबी,’’ ती म्हणाली, ‘‘तुमचं येक पाखरू माझ्यापायी गेलं.’’ खालाबी म्हणाली, ‘‘जाऊ दे गं बाय. पोरीची वाचली न्हवं?’’ त्यावर माय रडली. मग डोळे पुसून विचारलं, ‘‘त्यांची अंडी हायेत का काही?’’ खालाबीनं कोंड्याचं मडकं पुढे ओढलं. पाच अंडी होती. मायनं पदर पसरला. ‘‘घाला,’’ म्हणाली.

ज्या ओटीत सुवासिनी गहू आणि नारळ घालतात, त्या ओटीत पाच अंडी घेऊन माझी माळकरी माय भर दुपारी गल्लीतून चालत आली. पार, चावडी, विहीर, सगळीकडे माणसं होती. एकीनं विचारलं, ‘‘पाटलीनबाई, ओटीत काय?’’ माय न थांबता, अगदी मोठ्यानं म्हणाली, ‘‘कोंबडीची अंडी हायेत.’’ तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

खुडुक झालेल्या गुंजीखाली आम्ही ती अंडी ठेवली. एवढीशी कोंबडी आणि तिच्या मानानं ती मोठाली अंडी. ती पिसं फुगवून, पंख पसरून, कडेचं अंडं चोचीनं आत ओढून ओढून बसली. एकवीस दिवस माय रोज सकाळी तिला उठवून कण्या चारायची आणि म्हणायची, ‘‘लवकर खा, गार व्हत्यात.’’ पाचातली चार फुटली. महिन्याभरात ती पिल्लं गुंजीच्या उंचीला आली आणि तरी संध्याकाळी तिच्या पंखाखाली घुसायची. चौघांच्या रेट्यानं गुंजी जमिनीवरून उचलली जायची आणि तशीच अधांतरी, गंभीर चेहऱ्यानं बसून राहायची. दादा हे बघायला मुद्दाम मळ्यातून लवकर यायला लागले. पिल्लं खाऊन-पिऊन टणक झाली तेव्हा डालग्यात घालून मी आणि माय ती खालाबीकडे घेऊन गेलो. त्यांत तीन माद्या निघाल्या. खालाबीनं एकेकीला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘ही अगदी माझ्या पांढरीवानी बघती.’’ पुढच्या दौऱ्यापासून तिच्या घरची पाळी दादांनी आपल्या अंगावर घेतली, आणि आमच्या घरून बकरं जाऊ लागलं. मायनं ते कधी डोळ्यांनी पाहिलं नाही आणि कधी अडवलंही नाही.

जमादार पुष्कळ जगला. गुंजी आणि राईसुद्धा. एकेक करून गेली तेव्हा मायनं त्यांना गळ्यातल्या मण्यासकट परड्यात पुरलं. तिची माळ मात्र तशीच तीन मण्यांनी उणी राहिली. माझं लग्न झालं, पोरंबाळं झाली, निजामाचं राज्यही गेलं, तरी तिनं ती पुरी करून घेतली नाही. मला वाटायचं, आपल्या पाखरांची आठवण म्हणून. एकदा माहेरी गेले असताना मी म्हणाले, ‘‘माय, तीन मन्यांचा तर सवाल हाय. मी आणून देते.’’ ती जप करत होती. बोटं थांबली.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘पुरी माळ गळ्यात आसली की मानसाला वाटतं, आपन लई भले. म्या तवा देवाचं नाव घिऊन दुसरीचं खुराडं रिकामं केलतं. जप करताना त्या जागंवर बोट आलं की खालाबी ध्यानात येती. ऱ्हाऊ दे.’’

ती माळ आता माझ्याकडे आहे. माझी मुलगी परवा म्हणाली, ‘‘आई, हिचे मणी पडलेत वाटतं.’’ मी म्हणाले, पडले नाहीत, आणि तिला बसवून हे सगळं सांगितलं.